वार्काच्या झाडापर्यंत

तिकिम्त ३

मी कॉफीच्या बिया भाजत होते. अयालनेह उंबऱ्यात बाहेर तोंड करून बसला होता. तसाच बसून म्हणाला, "मी वार्का मठात जावं म्हणतोय."

"जाऊन ये. तिकिम्त महिना लागला, पाऊस उघडलाय, पायवाट वाळली असेल."

"जाऊन यायचं नाही. राहायचंय. संन्यास घ्यायचाय."

मी तवा हलवत राहिले. आमच्याकडे माणसं संन्यास घेतात, त्यात नवल काही नाही. बायको वारली, मुलं मार्गी लागली की म्हातारे पिवळी वस्त्रं घेऊन खोऱ्यात उतरतात. पण अयालनेह अजून पंचेचाळीसचाही झाला नाही, आणि मी वारलेली नाही.

बऱ्याच वेळाने त्याने मान वळवली. "तुला काय वाटतं, देब्रितू?"

"मला वाटतं बिया करपल्या."

करपल्या होत्याच. त्या फेकून दुसऱ्या घेतल्या. तेवढा वेळ तो माझ्याकडे बघत बसला होता. मग उठून मागे लाकडं फोडायला गेला.

तिकिम्त ४

नेहासे महिन्यात जे झालं ते इथे लिहिते, कारण घरात ते कुणी बोलत नाही.

अयालनेह राजधानीतून, आदिसहून बस घेऊन येत होता. अबाय नदीच्या घाटात धुकं होतं. समोरून सिमेंटचा ट्रक याच्या अंगावर आला. याने बस कडेला घेतली, आणि पावसाने खचलेली कड बसखालून निघून गेली. अयालनेह खिडकीतून बाहेर फेकला जाऊन झुडपात अडकला. खांदा निखळला, बाकी खरचटलं. आत होते त्यांतले फार थोडे वाचले. पोलीस, कोर्ट, सगळ्यांनी सांगितलं की ड्रायव्हरची चूक नाही. मालक दोनदा घरी येऊन गेला, नवी गाडी देतो म्हणाला.

त्या दिवसापासून तो कुठल्याही गाडीत बसलेला नाही. आरशातही बघत नाही. दाढी वाढली आहे ती त्यामुळे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "आरशात सगळे दिसायचे. मागच्या सीटपर्यंत."

बहिर दार शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मनाला धक्का बसलाय, गोळ्या द्या, त्याला बोलतं करा. सासूबाईंनी गोळ्या चुलीत टाकल्या. "ज्याला देवाने हाताने उचलून बाहेर ठेवलं त्याला गोळ्या कसल्या देता?" मी त्यांना अडवलं नाही. मलाही आतून तसंच वाटत होतं. अजून वाटतं. इतक्या माणसांतून याला राखायचं, म्हणजे त्याच्याकडून काहीतरी हवं असणार.

बोलतं करायचं म्हणजे काय करायचं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. मी पहिलीच्या पोरांना शिकवते. गप्प बसवायला मला येतं.

तिकिम्त १२

आमच्या चर्चचे आब्बा लाकेव आले होते. आमच्या लग्नाला आशीर्वाद त्यांनीच दिला, आमची पापंही तेच ऐकतात. तीन वाट्या कॉफी होईपर्यंत पिकाच्या गोष्टी बोलले. मग अयालनेहला बाहेर पाठवून मला म्हणाले, "तुम्ही दोघांनी एका पेल्यातून प्रसाद घेतलाय. तुमचं शरीर एक. अर्धं मठात आणि अर्धं चुलीपाशी, असं चालत नाही. तू माझ्यासमोर हो म्हटलंस तरच तो जाऊ शकतो. तू नाही म्हटलंस तर मठ त्याला घेणार नाही."

"म्हणजे सगळं माझ्यावर?"

"देवावर. पण तोंड तुझं."

"आणि नाही म्हटलं तर पाप लागेल?"

"छे. पाप कसलं?" माशा वारायच्या झुपक्याचे केस ते बोटांनी सारखे करत होते. "एक खालची पायरी असते, एक वरची. आपल्या माणसाला धरून ठेवणं खालच्या पायरीवरचं. वाईट नाही. बहुतेक बायका तिथेच असतात."

बहुतेक बायका. हे शब्द दिवसभर डोक्यातून गेले नाहीत.

तिकिम्त १३

गावभर झालं. पाण्याच्या नळावर शेजारची तांगुत म्हणाली, "नशीब काढलंस बाई. तुझ्या नवऱ्याला देव बोलावतोय. माझ्याला तेल्ला-दारूच्या दुकानातून मी बोलावते, तरी येत नाही."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग त्यांनी माझी घागर आधी भरू दिली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

हिदार ९

अयालनेहने छपराचे पत्रे काढून पुन्हा बसवायला घेतलेत. गळत नव्हते. म्हणतो, पुढे तुला त्रास नको. भिंतीही लिंपायच्या म्हणतो. मागचं कुंपण, कोंबड्यांचं खुराडं, सगळं काढलंय. या वेगाने तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत घरीच असेल.

आज जेवताना मला घास भरवला आणि म्हणाला, "देब्रितू, तू नाही म्हणालीस तर मी राहीन. मनात काही ठेवणार नाही."

"तुला जायचंय ना?"

"जायचंय म्हणजे... इथे बसवत नाही मला. उठवतही नाही."

"मग देवाने हाक मारली म्हणतात ते खोटं?"

तो इंजेऱ्याच्या पोळीचा तुकडा बोटांत चुरत बसला. "खोटं कसं असेल," म्हणाला.

किती चांगला आहे. स्वतःची ओढ लपवून मला मोकळं ठेवतोय. दुसरी असती तर तिने या चांगुलपणाचा फायदा घेतला असता. आब्बा म्हणाले ती खालची पायरी हीच असणार. त्याने ती माझ्यापुढे सरकवली आणि मी तिच्यावर पाय ठेवला नाही.

हिदार १७

शाळेत खडूंच्या खोलीचं दार लावून रडले.

त्याला दुसरी बाई भेटली असती तर मी तिच्या दारात जाऊन तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. आख्खं देजेन गाव बघायला आलं असतं आणि सगळे माझ्या बाजूने बोलले असते. इथे कुणाच्या झिंज्या उपटू?

लिहिल्यावर भीती वाटली. खोडणार होते. राहू दे.

हिदार २१

लेक सोस्ना आज माझ्याशी भांडली. बारावीचं वर्ष आहे, पुस्तक उघडं ठेवून भिंतीकडे बघत बसते. मी टोकलं तर म्हणाली, "तू त्याला थांबवत का नाहीस?"

"बाबांना तू 'त्याला' म्हणू नकोस."

"बाबांना का थांबवत नाहीस? एकदा म्हण ना, नको जाऊस. एवढं दोन शब्दांचं काम आहे."

"त्यांना त्यांच्या वाटेने जायचंय."

"त्यांना कुठेच जायचं नाहीये, आई. ते रोज शिडीवर चढतात आणि तू अंगणात आलीस का ते बघतात. मी बघते ना वरच्या खिडकीतून."

मी म्हटलं, तुझ्या वयात सगळ्याच गोष्टी प्रेमाच्या वाटतात. ती पुस्तक मिटून शेजारी निघून गेली. मुलगी बापावर गेली आहे, पटकन दुखावते.

सासूबाईंना मात्र दहा हात उंच झाल्यासारखं वाटतंय. नातेवाइकांना सांगत सुटल्यात की त्याच्या जन्माच्या वेळी अंगणात पांढरं कबुतर आलं होतं. मी या घरात इतकी वर्षं आहे, हे कबुतर आज पहिल्यांदा ऐकलं.

ताहसास ३०

काल नाताळ झाला. आज संमती दिली.

चर्चच्या आवारात बाकावर आब्बा लाकेव, सासूबाई, गल्लीतले चार जाणते पुरुष. अयालनेहने धुतलेला नेतेला, पांढरा शेला, खांद्यावरून घेतला होता. मी उभी राहिले. आब्बांनी विचारलं, "देब्रितू, तुझा नवरा अयालनेह याला तू देवाच्या हवाली करतेस का? स्वखुशीने?"

अयालनेह माझ्याकडे बघत होता. आमच्या लग्नात माझ्या बापाने मुद्दाम उत्तर लांबवलं होतं, तेव्हा तो असाच बघत होता. मला वाटलं माझा आवाज फुटेल. म्हणून पहिलीच्या वर्गात शेवटच्या रांगेतल्या पोराला ऐकू जावं तसं म्हणाले, "करते."

"पुन्हा सांग."

"स्वखुशीने करते."

आवारातल्या बायकांनी जिभा फिरवत आनंदाचे ऊलू काढले. अयालनेह बाकावर बसला. चेहऱ्यातलं रक्त उतरलं होतं, ओठ पांढरे पडले होते. त्याला पाणी द्यावं लागलं. आब्बा म्हणाले, मोठ्या कृपेचा भार शरीराला पेलत नाही.

घरी येताना तो वाटेत म्हणाला, "किती खणखणीत म्हणालीस."

"अडखळले असते तर तुला वाईट वाटलं असतं."

"हो," तो म्हणाला.

आज मी स्वतःच्या वर उठले. कुणाला नसेल वाटत, मला वाटतं.

तिर १४

गेला.

पायीच गेला, गाडीत तो बसत नाही. सोस्ना त्याच्या गळ्यात पडली, तिला तांगुतने सोडवलं. मी दारात उभी होते. वळणापर्यंत गेला आणि परत आला. पाण्याचा भोपळा विसरला होता. दिला. पुन्हा गेला, पुन्हा आला. चाकू राहिला म्हणाला. मठात चाकू कशाला, पण दिला. तिसऱ्यांदा आला तेव्हा काय राहिलं ते त्याला आठवेना. अंगणात उभा राहून इकडेतिकडे बघत होता. नवं लिंपण, छप्पर, कुंपण.

मी म्हटलं, "ऊन चढेल. नीघ आता."

मग गेला. अपघातापासून फार विसराळू झालाय.

मेगाबित ६

मोठा उपास सुरू आहे. मठात त्याची परीक्षेची मुदत चालू आहे, पाणी भरणं, लाकडं, दळण. पुनरुत्थानाच्या सणानंतर दीक्षा देतील असं आब्बांकडून कळलं. एरवी काही वर्षं थांबवतात. पण मठात काम करू शकतील अशी माणसं उरली नाहीत.

चर्चमध्ये बायका मला पुढे जागा देतात. म्हाताऱ्या माझ्या खांद्याला हात लावून तो हात कपाळाला लावतात. मुख्याध्यापक मला 'देब्रितू' म्हणायचे, आता 'देब्रितूबाई' म्हणतात. मला हे आवडतं. खोटं कशाला लिहू?

आणि मी खाटेच्या त्याच्या बाजूला झोपते, भिंतीकडच्या. माझी बाजू रिकामी ठेवते. तसं केलं की बाहेर गेलेली मी आहे असं वाटतं, आणि झोप लागते.

गिन्बोत १९

दीक्षा झाली. सगळं लिहिलं पाहिजे.

सकाळी उतरायला लागलो तेव्हा दुपारी पोचलो. खोऱ्यात हवा भट्टीसारखी. मठाच्या अलीकडे वार्काचं झाड आहे, उंबराच्या जातीचं, शंभर माणसं सावलीत बसतील एवढं. बायकांना तिथपर्यंतच परवानगी. सासूबाई, सोस्ना, मी आणि गावातल्या बायका झाडाखाली बसलो. पुरुष आत गेले. तिथून काही दिसत नाही, पण वारा आपल्याकडे असला की ऐकू येतं.

सणाला वाजतात ते ढोल नव्हते. मग प्रार्थना सुरू झाली आणि मला ती ओळखीची वाटली. माझ्या वडिलांच्या वेळी म्हटली होती तीच. मृताची. मला ठाऊक होतं की असंच करतात. जो संन्यास घेतो त्याला जमिनीवर निजवतात, डोक्यापर्यंत कापड पांघरतात आणि त्याचे अंत्यविधी करतात. जगाला तो मेला. ठाऊक असणं वेगळं. सोस्नाने कानात बोटं घातली. मी तिचे हात खाली ओढले. म्हटलं, ऐक, बाबांचा मोठा दिवस आहे.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. पिवळं वस्त्र, डोक्यावर टोपी. नवं नाव आब्बा वोल्दे सेलाम. फार बारीक झालेत, डोळे पिवळट. मी वाकून नमस्कार केला, "आब्बा, आशीर्वाद द्या." पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना अहोजाहो केलं. त्यांना ते समजलं नसावं, मागे कुणी दुसरं आहे का म्हणून वळून बघितलं.

मग विचारलं, "सोस्नाची परीक्षा कधी आहे?"

"आब्बा, आता तुम्ही त्याची काळजी करायची नाही," मी म्हणाले.

"नाही," ते म्हणाले. "खरं आहे."

शेवटी येनेता हाब्ते उठले. हे पाठशाळेत काव्य शिकवतात, दोन्ही डोळ्यांनी आंधळे आहेत. त्यांच्या काव्यात नेहमी दोन अर्थ असतात, वरचा मेणाचा आणि आतला सोन्याचा. मेण वितळवून सोनं काढायचं काम ऐकणाऱ्याचं. काठी टेकून त्यांनी माझ्या दिशेने तोंड केलं आणि म्हटलं,

"पाखरू हातावर बसलं होतं, बाई, तू त्याला सोडलंस.
आकाशही म्हणालं, खरंच, तू त्याला सोडलंस."

सगळ्यांनी वाहवा केली. सासूबाईंनी डोळे पुसले. मी जवळ जाऊन त्यांचा गुडघा शिवला आणि विचारलं, येनेता, यातलं सोनं कुठलं? ते म्हणाले, "घरी जाऊन शोध. घाई नाही."

घरी येऊन शोधलं. मला तर सरळच वाटतं. मी सोडलं, म्हणून ते उंच गेले. एकच ओळ दोनदा का म्हटली तेवढं कळलं नाही. वय झालंय त्यांचं.

सेने २८

सोस्नाची परीक्षा संपली. काल ती एकटी खोऱ्यात जाऊन आली. तूही चल म्हणून तिने फार गळ घातली. मी गेले नाही. पुन्हा पुन्हा तोंड दाखवून त्यांना खाली ओढायचं, हे आब्बा लाकेव म्हणाले त्या बहुतेक बायकांचं काम.

ती म्हणाली, ते झाडापर्यंत आले. "त्यांनी पहिलंच काय विचारलं माहितेय? 'आई नाही आली?'"

"मग तू काय म्हणालीस?"

"खरं तेच. आई म्हणाली, नको. मग ते खूप वेळ मुळावर बसून राहिले. आई, ते आजारी दिसतात."

"उपास असतात."

"तू बोलतेस तेव्हा मला भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. "त्यांनाही तसंच वाटत असणार."

उगाच बोलते. मला समजलं ते असं: त्यांनी मला पारखलं. मी आले असते तर त्यांच्या लक्षात आलं असतं की मी अजून सोडलेलं नाही. मी गेले नाही, हेच त्यांना माझं उत्तर.

मेस्केरेम ७

नवं वर्ष लागलं. पिवळी फुलं सगळीकडे. सोस्ना पास झाली, पुढच्या महिन्यात बहिर दारच्या विद्यापीठात जाईल. मला सांगितलं तिने, पण तिने आधी तांगुतला सांगितलं होतं.

शनिवारच्या बाजारात मिरच्या विकणारी एक बाई भेटली. ती खोऱ्यातून चढून येते. म्हणाली, "तुमचे आब्बा दर शनिवारी झाडाखाली बसलेले असतात. आम्ही बाजाराला चढायच्या आधीपासून, आणि आम्ही परत येतो तेव्हाही. येणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघतात. आधी आम्हाला अवघडायला व्हायचं. आता आम्हीच म्हणतो, आब्बा, आज नाही."

"आज नाही म्हणजे काय?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि मिरच्या तोलायला घेतल्या.

त्यांना बायकांची तोंडं बघायचं व्रत दिलेलं दिसतं. मोह जिंकायला असं काही देतात म्हणे. आब्बा लाकेवना विचारीन.

मेस्केरेम २१

विचारलं. ते म्हणाले, असं व्रत त्यांनी ऐकलेलं नाही. मग म्हणाले, प्रत्येक मठाची रीत वेगळी. जाताना मला म्हणाले, "देब्रितू, एकदा जाऊन ये हवं तर. मी परवानगी देतो."

पुरुषांचं असंच असतं. आधी वर चढायला सांगतात, मग दया येते. मी म्हटलं, "आब्बा, मला परवानगीची गरज नाही. मला जमतंय."

तिकिम्त १८

आब्बा वोल्दे सेलाम वारले.

मठातले आब्बा वुब्शेत सांगायला आले. सकाळी मी वर्गात होते, शिपायाने बोलावलं. ते फाटकाशी उभे होते, वाटेतल्या चिखलाने घोट्यापर्यंत भरलेले. म्हणाले, पावसानंतरचा ताप. खोऱ्यात दरवर्षी येतो, मठातले आणखी दोघे त्यात गेले. आब्बा वोल्दे सेलाम तापात असूनही शनिवारी झाडाकडे गेले. कुणी अडवलं तर म्हणायचे, आज बाजार आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेला आले नाहीत म्हणून शोधायला गेले, तर झाडाखाली मुळांच्या मधे आडवे होते. श्वास चालू होता. आत आणल्यावर गेले. आणि मठाच्या मातीत पुरलेसुद्धा. मठात उशीर करत नाहीत.

"काही म्हणाले?"

"म्हणाले, सोस्नाच्या आईला कळवा."

"एवढंच?"

आब्बा वुब्शेत म्हातारे आहेत. जमिनीकडे बघत म्हणाले, "पहिल्या महिन्यातच ते गुरूंकडे गेले होते. मला घरी जाऊ द्या म्हणून. गुरू म्हणाले, तुझ्या बायकोने दिलंय तुला, तिने परत मागितलं तर बघू. बाई, तुम्हाला कुणीच सांगितलं नाही का?"

मी म्हटलं, वर्गात मुलं वाट बघतायत. आणि वर्गात जाऊन बसले. त्यांनी काय केलं, मला आठवत नाही. दंगा करत असणार.

तिकिम्त १९

आमच्या गल्लीची मर्तिकाची मंडळी आहे, इदिर. कुणी गेलं की तंबू, बाकं, भांडी तेच आणतात, तीन दिवस सगळी गल्ली येऊन बसते. त्यांचे प्रमुख गाशे अलेमु यांच्याकडे गेले. तंबू घालायला सांगितलं.

ते अवघडले. बायकोला कॉफी ठेवायला सांगितली. मग म्हणाले, "देब्रितूबाई, तंबू कुणाच्या दारात घालायचा?"

"माझ्या."

"पण ते तुमच्या घरातले नव्हते ना आता. त्यांचे अंत्यविधी गिन्बोतमध्येच झाले. तुम्हीच होतात तिथे. मेलेल्याला पुन्हा कसं रडायचं? लोक काय म्हणतील? आणि एवढ्या पुण्यवान माणसासाठी रडायचं तरी कशाला, ते तर केव्हाच पलीकडे गेले."

"मला रडायचंय," मी म्हणाले.

"घरात रडा की," ते म्हणाले. वाईट माणूस नाही. दारापर्यंत सोडायला आले.

आब्बा लाकेवकडे गेले. त्यांनी माझा हात धरला आणि तो सोडेनात. शेवटी मीच सोडवून घेतला.

तिकिम्त २०

तांगुत आली. तिने चूल पेटवली, बिया भाजल्या. मग तिच्यामागून दोन बायका आल्या. तंबू नाही, बाकं नाही, चटईवर बसलो. मोठ्याने रडायचं की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजल्या आहेत. कबुतराचं नाव काढत नाहीत.

दुपारच्या बसने सोस्ना आली. नेतेल्याची काळी कड वर घेतली होती, मर्तिकाला घेतात तशी. मी उठून तिला जवळ घ्यायला गेले. ती तांगुतच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, मोठ्याने, छाती बडवून, कोण काय म्हणेल याचा विचार न करता. मला तिचा हेवा वाटला.

नंतर मी तिला म्हटलं, "मी त्यांच्या वाटेत आले नाही, सोस्ना. एवढं तरी केलं."

तिने माझ्याकडे बघितलं. भांडेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "हो आई. नाही आलीस." आणि माझ्यापुढे कॉफीची वाटी ठेवली.

त्यांना परत यायचं होतं असं आब्बा वुब्शेत म्हणाले. म्हातारे आहेत, त्यांना नीट आठवत नसेल. पहिल्या महिन्यात सगळ्यांनाच घर आठवतं. तेवढं सोसलं की माणूस वर जातो, असं आब्बा लाकेव सांगायचे.

मी परत मागितलं असतं तर दिलं असतं का त्याला? मी हे विचारणार नाही.

तिकिम्त २४

सोस्ना काल परत गेली. मी आज शाळेत काळे कपडे घालून गेले. विधवेने घालायचे तसे. कुणी घाल म्हणालं नव्हतं.

मुख्याध्यापक नवे आहेत, मेस्केरेममध्ये बदली होऊन आलेत, त्यांना काही माहीत नाही. हजेरीच्या वेळी जवळ येऊन हळू म्हणाले, "बाई, कोण गेलं?"

मी तोंड उघडलं. नवरा म्हणता येत नाही. आब्बा म्हणावं तर त्यांच्यासाठी काळं घालत नाहीत. अयालनेह म्हणावं तर तो गिन्बोतमध्येच गेला, मी तिथे होते, ऐकलं सगळं.

ते उत्तराची वाट बघत उभे होते.

"एक ड्रायव्हर होता," मी म्हणाले. "ओळखीचा."

"अपघात?"

"हो."

"देव तुम्हाला बळ देवो," ते म्हणाले, आणि मला आजचा दिवस घरी जायची परवानगी दिली. मी गेले नाही. घरी कोण वाट बघतंय?